बोगद्यातली ठकठक

गेल्या महिन्यात भाचीच्या वार्षिक तपासणीसाठी एमआरआयच्या खोलीबाहेर बसले होते. शेजारी चार-साडेचार वर्षांचा एक मुलगा वडिलांच्या मांडीवर होता. "काही नाही रे राजा, फक्त फोटो काढायचाय. एका मिनिटात बाहेर!" वडील त्याला समजावत होते. मुलगा हसतहसत आत गेला. आतून पहिली ठकठक ऐकू आली आणि पाठोपाठ त्याची किंकाळी. तपासणी थांबली. आता भूल देऊन करायची, म्हणजे पुढची तारीख.

वडिलांचा हेतू चांगलाच होता. पण मुलाच्या बाजूनं बघा. फोटो काढताना असा आवाज कधीच येत नाही. मग एक तर यंत्र बिघडलंय, नाही तर बाबा खोटं बोलले. दोन्ही गोष्टी सारख्याच भयंकर. म्हणून त्या आवाजाबद्दलच लिहायचं ठरवलं, कारण तो आवाज म्हणजे दहावीच्या पुस्तकातला एक धडा आहे, आणि तो धडा मी दरवर्षी शिकवते.

एमआरआयच्या पोटात अतिवाहक, म्हणजे विजेला अजिबात अडथळा न करणाऱ्या, तारेचं एक वेटोळं असतं. द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअसला ते ठेवलेलं असतं. त्यातून वाहणारी वीज थांबत नाही, त्यामुळे चुंबक रात्रंदिवस चालूच असतो. साधारण यंत्राची ताकद १.५ टेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक), म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या अदमासे तीस हजार पट. 'मशीन बंद आहे' असं समजून कुणी लोखंड घेऊन आत गेलं तर काय होतं, ते जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत दिसलं. ऑक्सिजनचा सिलिंडर आत नेणारा एक तरुण त्या दुर्घटनेत दगावला. पण हा मोठा चुंबक पूर्ण मुका असतो. आवाज त्याचा नाही.

आपल्या शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन आहे आणि त्याचं केंद्रक म्हणजे प्रोटॉन. चुंबकीय क्षेत्रात हे प्रोटॉन भोवऱ्यासारखे डुलतात. डुलण्याचा वेग क्षेत्राच्या ताकदीवर ठरतो: दर टेस्लाला सेकंदाला ४.२६ कोटी फेऱ्या. १.५ टेस्लाला हे होतात ६४ मेगाहर्ट्झ, आपल्या एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या थोडं खाली. त्याच वारंवारतेच्या रेडिओ लहरीनं धक्का दिला की प्रोटॉन उत्तर देतात. पण सगळे एकाच सुरात बोलले तर कान कुठला आणि लहान मेंदू कुठला, हे कळणार कसं? यावरचा तोडगा पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये मांडला. मुख्य क्षेत्रावर एक छोटासा उतार चढवायचा. डोक्याच्या एका बाजूला क्षेत्र किंचित जास्त, दुसऱ्या बाजूला किंचित कमी. उतार मीटरला २० मिलिटेस्ला धरला, तर २० सेंटिमीटरच्या डोक्याच्या दोन टोकांत १७० किलोहर्ट्झचा फरक पडतो. आता प्रत्येक ठिकाणचा सूर वेगळा, आणि सुरावरून जागा ओळखता येते. लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या कामासाठी मिळालं.

हा उतार तयार करायला वेगळ्या गुंडाळ्या लागतात. त्यांना ग्रेडियंट कॉइल म्हणतात. त्यांतली वीज सेकंदाला शेकडो वेळा उलटसुलट करावी लागते. आता फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम आठवा: चुंबकीय क्षेत्रातल्या तारेतून वीज गेली की तारेवर बल पडतं. १.५ टेस्ला क्षेत्र, समजा ३०० अँपिअर विद्युतधारा आणि एक मीटर तार, की बल झालं ४५० न्यूटन. म्हणजे ४५ किलोचं पोतं त्या तारेवर आदळावं तसं. पुढच्या क्षणी तेवढंच उलट्या दिशेनं. तार घट्ट बसवलेली असते, ती सुटत नाही, पण सगळा सांगाडा थरथरतो आणि हवा हलते. लाऊडस्पीकरही याच तत्त्वावर चालतो. थोडक्यात, एमआरआय म्हणजे आत झोपता येईल एवढा लाऊडस्पीकर. आवाज अनेकदा १०० डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानात बोळे घालायलाच हवेत. जशी तपासणी बदलते तशी वीज उलटवण्याची लय बदलते, म्हणून कधी ठकठक, कधी घरघर, कधी लांबलचक 'टँऽऽ'. आणि हो, यात एक्स-रे नाहीत. 'रेडिएशननं पोराचा मेंदू भाजेल' ही भीती मनातून काढून टाका.

मग हलायचं का नाही? साध्या फोटोत हात हलला तर हात पुसट येतो, बाकी चित्र नीट येतं. एमआरआयमध्ये प्रत्येक नोंदीत सगळ्या डोक्याचे सूर एकत्र मिसळलेले असतात, आणि अशा शेकडो नोंदींतून गणितानं चित्र सोडवलं जातं. त्यामुळे चौथ्या मिनिटाला मान हलली तरी पहिल्या मिनिटाचं कामही नासतं.

तीन वर्षांपूर्वी भाची पाच वर्षांची होती. रोज सकाळी उलटी व्हायची, चालताना झोक जायचा. आधी जंतांचं औषध झालं, मग पित्ताचं. आडवं झोपलं की डोक्यातला दाब वाढतो, म्हणून उलटी सकाळची, हे नंतर कळलं. लहान मेंदूत गाठ होती. एमआरआयच्या चार दिवस आधी आम्ही जेवणाच्या टेबलाखाली गादी घातली, वरून चादर सोडली, बोगदा तयार. खंडाळ्याच्या घाटातले बोगदे तिनं पाहिले होते, त्यामुळे बोगद्याला शेवट असतो हे तिला ठाऊक होतं. डोक्याभोवती जो पिंजऱ्यासारखा अँटेना बसवतात त्यासाठी भाजी धुवायची प्लॅस्टिकची जाळीची टोपली तोंडावर धरली. मोबाईलवर यंत्राचे खरे आवाज लावले, आधी हळू, मग मोठ्यानं, आणि 'स्टॅच्यू' खेळलो. तिनंच आवाजांना नावं दिली: सुतारपक्षी, बोअरवेल, मिक्सर. त्या दिवशी ती भुलेशिवाय वीस मिनिटं पडून राहिली. सगळ्यांना हे जमेलच असं नाही. पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना बहुधा भूल द्यावी लागते, आणि त्यात आईबापांचा काही पराभव नाही.

ऑपरेशनची तयारी याहून अवघड. एका रात्री तिनं विचारलं, "मी भिंतीवर रेघोट्या मारल्या म्हणून का?" बहिणीला रडू फुटलं. बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९३२ मध्येच दाखवून दिलं होतं की लहान मुलांना शिक्षा ही निसर्गातच भरलेली वाटते. वाईट वागलं की वाईट होणारच. त्यात आपण वर्षानुवर्षं भर घालतो: "जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील." ही धमकी कृपा करून आजपासून बंद करा. तिला स्पष्ट सांगितलं, गाठ कुणाच्याही चुकीनं होत नाही, रेघोट्यांनी तर नाहीच.

शब्दही जपून वापरावे लागतात. 'भूल देणार' म्हटल्यावर ती म्हणाली, "मग मी आईला विसरेन?" तिचं काय चुकलं? शब्दच तसा आहे. 'औषधाची झोप' हे तिला पटलं. 'रक्त काढणार' म्हणजे सगळंच रक्त, असं मुलांना वाटतं; म्हणून चमचाभर, असं सांगा. 'डोक्यात दुखेल का' याचं उत्तर खरंच सुंदर आहे: मेंदूला स्वतःला वेदना कळतच नाहीत, वेदना टिपणारी चेतातंतूंची टोकं त्यात नसतात. दुखतं ते कातडीला आणि मेंदूवरच्या आवरणाला, त्यासाठी औषध असतं. दुखणारच नाही, असं मात्र आम्ही म्हटलं नाही. तिनं बाहुलीच्या डोक्याला बँडेज बांधलं, मागचे थोडे केस कापले, दंडात सुई टोचली. बाहुलीला "थोडंसं दुखेल हं" असंही बजावलं.

ऑपरेशनच्या पहाटे एक नातेवाईक देवळातून पेढा घेऊन आले. अंगारा कपाळाला लावला, सिस्टरनी पुसून काढला, बिघडलं काही नाही. पण पेढा तोंडात घालायला निघाले, तेव्हा मी त्यांचा हात धरला. भूल दिल्यावर ठसका लागण्याची प्रतिक्षिप्त क्रिया थांबते, पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं. म्हणून अन्न आणि दूध सहा तास आधी बंद, अंगावरचं दूध चार तास, पाणी दोन तास. तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील तेच पक्कं. देव पेढ्यासाठी दुपारपर्यंत नक्की थांबतो. चांदीचा करदोटा आणि सेफ्टी पिनेला अडकवलेला ताईतही काढून ठेवला. एमआरआयच्या वेळी त्या पिनेनं काय केलं असतं, ते वर सांगितलंच आहे.

एक गोष्ट आदल्या दिवशी विचारून घ्यावी: जाग येताना मुलाजवळ कोण असेल? आम्हाला कळलं की आयसीयूत आधी सिस्टर असतील, आईला थोड्या वेळानं सोडतील. 'डोळे उघडलेस की आई समोर' हे सांगायला सोपं होतं, पण खरं नव्हतं. तिला जसंच्या तसं सांगितलं. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी स्ट्रेचर थांबलं, तेव्हा बाहुलीला कुशीत घेऊन ती पुटपुटत होती, "आधी निळ्या कपड्यातल्या सिस्टर. मग आई. मग पाणी, पण घोटभरच."