अवकाश तंत्रज्ञानाचे दैनंदिन उपयोग (खानदेश)

अवकाशयाने आणि उपग्रह यांच्यासाठी घडलेली, किंवा त्यांच्यामुळे पुढे आलेली, साधने व पद्धती जमिनीवरच्या रोजच्या कामांत वापरणे. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत हा वापर सर्वांत ठळकपणे वावरात दिसतो.

ई-पीक पाहणी 2021 पासून राज्यभर सुरू झाली. शेतकरी आपल्या गटात, म्हणजे गट क्रमांकाच्या जमिनीत, उभा राहून मोबाइलने पिकाचा फोटो काढतो आणि पिकाची नोंद सातबाऱ्यावर चढते. रावेर-यावलच्या बागायतदाराने कांदेबागेचा, म्हणजे केळीच्या एका हंगामातल्या बागेचा, असा एक फोटो काढला, की अवकाशाशी जोडलेली दोन तंत्रे एकदम कामाला लागतात. पहिले कॅमेऱ्यातच असते. जुन्या सीसीडी संवेदकात (प्रकाश टिपणाऱ्या भागात) प्रत्येक चित्रबिंदूतला विद्युतभार शेजारच्या बिंदूकडे, तिथून पुढच्याकडे सरकवला जाई. स्लॅब भरताना घमेली हातोहात जातात तसा. त्याला वीज जास्त लागे. यानावरचे कॅमेरे हलके करण्यासाठी अमेरिकेतील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम यांच्या गटाने 1990 नंतरच्या काळात प्रत्येक बिंदूलाच स्वतःचा वर्धक (संकेत मोठा करणारा भाग) दिला, म्हणजे भार असा हातोहात नेण्याची गरज उरली नाही. आज बहुतेक सर्व मोबाइल कॅमेरे याच सीमॉस पद्धतीचे आहेत.

दुसरे तंत्र स्थान ओळखण्याचे. सुमारे 20,200 किमी उंचीवरून फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांत आण्विक घड्याळे असतात. किमान चार उपग्रहांचे संदेश किती वेळात पोचले, यावरून फोन आपली जागा काढतो. ही व्यवस्था मुळात अमेरिकी लष्कराची. 2 मे 2000 पर्यंत नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे आणि जागा 100 मीटरपर्यंत हुकू शके. तेवढ्या फरकाने फोटो सहज बांधापलीकडच्या गटात गेला असता.

पाण्याचा शोध हा खानदेशासाठी याहून जिव्हाळ्याचा विषय. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा बझाडा पट्टा आहे. तिथे पाणी चांगले मुरते, पण वर्षानुवर्षांच्या उपशाने भूजल खोल गेले आहे. दूरसंवेदनाचा, म्हणजे वरून जमिनीची चित्रे घेण्याचा, भारताचा पहिला नियमित सेवेतला उपग्रह आयआरएस-1ए 17 मार्च 1988 रोजी सुटला. अशा उपग्रहाचे चित्र जमिनीखालचे पाणी थेट दाखवत नाही. खडकातील लांब भेगा, जुन्या प्रवाहांच्या खुणा आणि ऐन उन्हाळ्यातही टिकलेली हिरवळ त्यात दिसते. त्यावरून भूवैज्ञानिक भूजलाची शक्यता वर्तवतो आणि मग प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासतो. पाणाड्याच्या शब्दावर एकामागून एक कोरड्या बोअर मारणे छोट्या शेतकऱ्याला परवडत नाही. म्हणून भूजलाच्या अशा शक्यतेचे नकाशे गावात, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर दिसायला हवेत.

उन्हापासून वीज करणारा सिलिकॉनचा सौरघट 1954 मध्ये बेल प्रयोगशाळेत तयार झाला, पण जमिनीवर वापरायला तो फार महाग होता. उपग्रहाला मात्र दुसरा सोयीचा पर्याय नव्हता. आयआरएस-1ए च्या बरोबर तीस वर्षे आधी, 17 मार्च 1958 रोजी, व्हॅनगार्ड-1 सौरघट घेऊन कक्षेत गेला आणि या घटांना पहिले कायमचे गिऱ्हाईक मिळाले. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. विहिरीवरच्या सौरपंपाचे मोल वेगळेच : रात्रीच्या विजेवर, विंचूकाट्यातून, पाणी भरायला जावे लागत नाही.

अन्नप्रक्रियेतील ‘हॅसेप’ पद्धतही अंतराळवीरांच्या जेवणासाठी निघाली. तयार माल तपासून दोष शोधण्याऐवजी धोका कोणत्या टप्प्यावर शिरतो ते आधीच ठरवून तिथे पहारा ठेवायचा, हे तिचे सूत्र. 1960 च्या सुमारास नासा, पिल्सबरी कंपनी आणि अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेने ते मांडले. निर्यातीसाठी कांदा वाळवणाऱ्या किंवा फळांचा गर काढणाऱ्या कारखान्याला आज या पद्धतीची गरज पडते.

काही गोष्टींचे श्रेय चुकून अवकाशाला दिले जाते. टेफ्लॉन 1938 मध्येच सापडले होते. ठिबक सिंचनाचाही अवकाशाशी संबंध नाही. बॅगेची चिकटपट्टी, म्हणजे वेल्क्रो, स्वित्झर्लंडच्या जॉर्ज दे मेस्त्राल यांना सुचली ती कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी फळांवरून. आपल्याकडे धोतराला गोखरू चिकटतो, तशीच ती फळे.