चार तारांचा बेस आणि पाच तारांचा बेस: प्रश्न खालच्या 'सा'चा

नवा बेस, म्हणजे खालचे सूर देणारी गिटार, पहिल्यांदा प्रॅक्टिसला नेला, तेव्हा आमच्या ढोलकीवाल्या काकांनी पिशवीतून तो बाहेर येताच विचारलं, "एक तार तुटी गई का रे भो?" गिटारला सहा तारा, बेसला चार, मग या पाच कुठून आल्या? त्यांचा प्रश्न रास्त होता. पण ज्यांना बेस माहीत आहे, त्यांचा गैरसमज मला जास्त मोठा वाटतो. पाच तारांचा म्हणजे तोच बेस, फक्त जास्त घुमणारा, असं ते धरून चालतात. तीन आठवडे रोज वाजवल्यावर मी म्हणेन, घुमणं ही त्यातली लहान गोष्ट आहे.

लिओ फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ साली आला. त्याच्या जाड तारेकडून मोजलं तर तारांचे सूर ई, ए, डी, जी. उघडी ई सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. पाच तारांच्या बेसवर या चारही तारा जशाच्या तशा असतात आणि ई च्या शेजारी, छातीच्या बाजूला, आणखी जाड बी येते. तिची कंपनं साधारण ३१. फेंडर कंपनीने १९६५ मध्ये काढलेल्या पाच तारांच्या बेसला मात्र पाचवी तार उलट बाजूची, वरच्या सुराची होती. आज दुकानात पाच तारांचा मागितला तर बहुतेक वेळा खालच्या बी चाच मिळतो.

म्हणजे ई च्या खाली फक्त पाच सूर वाढले. एवढ्यासाठी जादा पैसे का मोजायचे? याचं उत्तर मला गायकाच्या पट्टीत सापडलं. आमचे गायक अहिराणी गाणी काळी एक किंवा काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीची पहिली किंवा दुसरी काळी पट्टी सा मानून, गातात. काळी एकचा सा चार तारांच्या बेसवर पहिल्यांदा भेटतो तो ए तारेच्या चौथ्या पडद्यावर (पडदा म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी). त्याच्या खालचा सा त्या बेसवर नाहीच. पाच तारांवर तो बी च्या दुसऱ्या पडद्यावर आहे, काळी दोनचा चौथ्यावर. गायक मुखड्यावर परत येतो तेव्हा त्याच्या सा च्या खाली तोच सा अंथरता आला, की सगळं गाणं जमिनीवर बसतं. हे मी पहिल्याच दिवशी अनुभवलं. काकांनी ढोलकी थांबवून "पुन्हा वाजव" म्हटलं.

दुसरा फायदा डाव्या हाताचा. चौथ्या पडद्यावर सा धरला, की शेजारच्या तारेवर सहाव्या पडद्यावर पंचम आणि त्याच्या पलीकडच्या तारेवर सहाव्यावरच वरचा सा. हात हलतच नाही. उघडी ई सुद्धा बी च्या पाचव्या पडद्यावर मिळते, म्हणून मानेच्या टोकापर्यंत सारखं पळावं लागत नाही. याउलट गायिकेची पट्टी काळी चार असेल, तर खालचा सा चार तारांच्या बेसवरही ई च्या चौथ्या पडद्यावर आहे. तिथे पाचवी तार नसली तरी अडत नाही.

पहिले दोन दिवस मात्र हात फसला. इतकी वर्षं अंगठ्याजवळची तार म्हणजे ई, म्हणून मी जोरात ई मारायला जायचो आणि बी वाजायची. सगळं एकदम चुकीच्या जागी. शिवाय बी नुसती सोडली तर दुसरी तार वाजत असताना तीही थरथरते. आता उजवा अंगठा मी पिकअपवर (तारांखालच्या, आवाज टिपणाऱ्या चुंबकी पट्टीवर) न टेकवता बी वरच ठेवतो. त्याने ती गप्प राहते. मानही रुंद आहे, त्यामुळे मनगट थोडं पुढे काढावं लागतं.

अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला, आणि पाच तारांचा, या दोन गोष्टीही लोक एक समजतात. माझ्यात नऊ व्होल्टची बॅटरी आहे, पण ती चार तारांच्या बेसमध्येही असू शकते. केबल लावून ठेवली तर ती उतरते, म्हणून वाजवून झालं की केबल काढायची.

आणि बी ऐकायची असेल तर अ‍ॅम्पचा विचार करा. आठ इंची स्पीकरच्या छोट्या अ‍ॅम्पमधून ३१ कंपनांचा मूळ सूर जवळजवळ येत नाही, त्याच्या दुप्पट-तिप्पट कंपनांचे सूर येतात आणि कान बाकीचं भरून काढतो. मोबाईलवर काढलेल्या व्हिडिओत तर बी पुसटच ऐकू येते. बेस बिघडला असं त्यावरून समजू नका.

माझा बेस ज्या दुकानातून आला, तिथे तो नीट लावून दिला नव्हता. बी पडद्यांपासून इतकी उंच होती की बाराव्या पडद्यावर सूर चढायचा. ब्रिजवर, म्हणजे तारा खालच्या टोकाला जिथे टेकतात तिथे, खोगीर (तारेखालचा सरकणारा टेकू) मागे सरकवून आणि तार खाली घेऊन ते जमलं. जळगावच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, लाकूड आटतं आणि पडद्यांची टोकं बोटांना लागतात. पावसाळ्यात मान पुन्हा वाकते. चार तारांपेक्षा इथे ताण जास्त, म्हणून मी अ‍ॅलन की पिशवीतच ठेवतो आणि ट्रस रॉड (मानेतली, तिचा बाक सुधारणारी सळई) एका वेळी पाव फेराच फिरवतो. मग तारा सुरात लावून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघतो.