स्ट्रॉन्शियम मोजा, पण ऑक्सिजन नुसता मोजू नका

अतिवाहकांवरच्या (सुपरकंडक्टर, पुरेसे गार केले की विजेला रोध न करणारे पदार्थ) एमएस्सीच्या प्रोजेक्ट रिपोर्टांत दरवर्षी हे वाक्य भेटतंच: 'वायबीसीओत ऑक्सिजन 6.4, म्हणजे 0.4 डोपिंग.' वायबीसीओ म्हणजे इट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजनचा अतिवाहक, 6.4 हे त्याच्या एका सूत्रामागचे ऑक्सिजनचे सरासरी अणू, आणि डोपिंग म्हणजे त्यातले इलेक्ट्रॉन कमी करून 'होल', म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, पाडणं. लाल पेन झिजलं माझं.

हा घोळ एलएससीओवरून (लँथॅनम, स्ट्रॉन्शियम, तांबं आणि ऑक्सिजनचा अतिवाहक) येतो. तिथलं गणित पाठच असतं: लँथॅनम तीन धन, स्ट्रॉन्शियम दोन धन, लँथॅनमच्या जागी स्ट्रॉन्शियमचा एक अणू आला की तांबं-ऑक्सिजनच्या पातळीत (सपाट थरात) एक होल. सूत्रामागे स्ट्रॉन्शियम 0.16च्या आसपास असताना टीसी (ज्या तापमानाखाली रोध नाहीसा होतो ते) सर्वांत वर, 38 केल्विनच्या जवळपास. टाकलं तेवढं मिळालं. (लँथॅनम ऑक्साइड आधी भट्टीत न तापवता तोललंत तर तेही नाही, गोव्याच्या जुलैतलं पाणी ते पिऊन बसलेलं असतं.)

वायबीसीओत घातलेला ऑक्सिजन त्या पातळीत शिरतच नाही. तो बसतो वेगळ्या थरात, तांब्याच्या साखळ्यांत. ऑक्सिजन 6 असताना तिथले तांब्याचे अणू एक धन असतात. पहिला सुटा ऑक्सिजन दोन्ही बाजूंच्या अणूंकडून एकेक इलेक्ट्रॉन घेतो आणि त्याचं भागतं. पातळीत होल शून्य! दुसरा त्याच ओळीत लागून बसला की ढोबळ हिशेब असा: तांब्याचे अणू तीन, ऑक्सिजन दोन, हवेत चार इलेक्ट्रॉन, मिळाले तीन. चौथा पातळीतून ओढला जातो आणि तिथे होल पडतो. म्हणजे ऑक्सिजन किती, यासोबत तो ओळीत बसला की विखुरला, हेही बघावं लागतं. शिगम्याच्या रोमटात (नाचत-वाजवत निघणाऱ्या मिरवणुकीत) माणसं तेवढीच असतात, पण ओळ धरल्याशिवाय रोमट होत नाही.

पटत नसेल तर 6.4च्या आसपासचा नमुना तापवून झटकन गार करा, टीसी मोजा, मग डेसिकेटरमध्ये (ओलावा न शिरणाऱ्या बंद भांड्यात) खोलीच्याच तापमानाला काही दिवस राहू द्या. ऑक्सिजन तितकाच राहतो, टीसी मात्र चढतो.

ऑक्सिजन 7च्या जवळ असताना रचना ऑर्थोऱ्हॉम्बिक (काटकोनी, पण तिन्ही बाजू वेगळ्या लांबीच्या) आणि टीसी 92 केल्विनच्या आसपास, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि कृपा करून 'इट्रियम डोपिंग' लिहू नका. इट्रियम काढून गॅडोलिनियम घातलं तरी टीसी नव्वदीतच राहतो.

रिपोर्टात ऑक्सिजनचा आकडा द्याच, पण नमुना कसा गार केला तेही लिहा. 'भट्टी बंद करून घरी गेलो' हा कूलिंग रेट नव्हे.