हवेचा जोर आणि ओठांवरचा दाब: ट्रम्पेटवाल्यांचा नेहमीचा घोळ

ट्रम्पेट शिकणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी कोणीतरी सांगितलेलं असतं, वरचा सूर हवाय ना, मग जोर लाव. जोर कुठे लावायचा ते काही सांगत नाहीत. मग आपण काय करतो, ट्रम्पेट गच्च धरतो आणि माउथपीस (ओठांना लावायचं वाटीसारखं टोक) ओठांत खुपसतो, आणि गंमत म्हणजे सूर निघतो! सगळी गोची इथेच आहे, निघाला नसता तर ही सवय कोणाला लागलीच नसती.

आता बघा, साध्या बी फ्लॅट ट्रम्पेटवर एकही व्हॉल्व (बोटांनी दाबायची कळ) न दाबता खालचा सी वाजतो (सी, जी, ई ही पाश्चात्य सुरांची नावं), मग जी, त्यावर सी, ई, परत जी आणि पार वर हाय सी. बोटं तीच, नळी तीच, जेमतेम १.५ मीटर लांबीची. बदलतं ते ओठांचं थरथरणं. खालच्या सीला ओठ सेकंदाला साधारण २३३ वेळा थरथरतात, स्टाफच्या (सूर लिहायच्या पाच रेघांच्या) डोक्यावरच्या जीला ६९८ वेळा आणि हाय सीला ९३२ वेळा, म्हणजे चौपट. हा वेग वाढवायचे दोन रस्ते आहेत आणि बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, कारण दोन्हीत माणूस लाल झालेला असतो.

पहिला रस्ता दाबाचा. माउथपीसच्या कडेच्या आत ओठाला मिळणारी जागा १६-१७ मिलिमीटरची, त्यात तुम्ही कड दाबली की ओठ चेपून ताणला जातो, थरथरणारा तुकडा आखूड होतो आणि सूर वर चढतो, स्नायूंनी काही काम न करता. उधारीचा माल आहे हा. कडेखालचं रक्त अडतं, ओठ आधी पांढरे पडतात मग बधिर होतात, आणि पंधरा-वीस मिनिटांनी खालचा साधा जी सुद्धा फसफसायला लागतो. तेव्हा आपण म्हणतो स्टॅमिना कमी आहे, अजून प्रॅक्टिस पाहिजे, आणि त्याच सुजलेल्या ओठांवर अजून एक तास दाबत बसतो.

दुसरा रस्ता हवेचा. ओठांचे कोपरे पक्के, मधला भाग मऊ, आणि मागून जोरात येणारी हवा. इथे अजून एक घोळ आहे जो मला समजायला फार वेळ लागला: जोराची हवा म्हणजे जास्त हवा नाही. वरच्या सुराला ओठांमधली फट बारीक असते, तिच्यातून हवा कमीच जाते, फक्त तोंडातलं प्रेशर जास्त लागतं. उलट खालचे सूर मोठ्याने वाजवा, छाती भराभर रिकामी होते. आरशावर वाफ सोडताना कसं हाऽऽ करतो आणि हातभर लांबची मेणबत्ती विझवताना कशी बारीक फुंकर मारतो, तेवढाच फरक. फुंकर मारताना जीभ आपोआप थोडी वर येते, ट्रम्पेटवर पण तेच करायचं, खाली आऽ वर ईऽ, बरेच शिक्षक असंच शिकवतात.

आणि 'पोटातून सपोर्ट दे' हे वाक्य ऐकलं की काही जण पोट दगडासारखं कडक करतात, श्वास रोखतात, गळा आवळतात, आणि मग हवा गळ्यातच अडते. जड कपाट ढकलताना होतं तसं. शिकागो सिम्फनी या ऑर्केस्ट्रात १९४४ ते १९८८ ट्युबा (ट्रम्पेटच्याच जातीचं मोठं, खालच्या सुरांचं वाद्य) वाजवणारे अर्नोल्ड जेकब्स श्वासाच्या बाबतीत इतके नावाजलेले की ट्रम्पेटवाले पण त्यांच्याकडे शिकायला जायचे, आणि त्यांचा सगळा भर होता वाहत्या हवेवर आणि डोक्यात ऐकू येणाऱ्या सुरावर, स्नायू आवळण्यावर नाही.

कानाला फरक कळतो का? कळतो. दाबून काढलेला सूर बारीक, चिरका, बहुतेक वेळा थोडा शार्प (हवा त्याहून किंचित चढा), आणि एकाच आवाजात अडकलेला. हवेवरचा सूर गोल असतो आणि लहान-मोठा करता येतो. म्हणून माझी आवडती टेस्ट ही: स्टाफच्या वरचा जी मध्यम आवाजात धरा आणि हळूहळू लहान करत न्या, अगदी नाहीसा होईपर्यंत. हवेवर असेल तर विरत जाईल, दाबावर असेल तर मध्येच खट्कन बंद पडेल नाहीतर खालच्या ईवर घसरेल.

माझी चोरी पकडली गेली ती करंगळीमुळे. ट्रम्पेटला उजव्या करंगळीसाठी हुक असतं ना, ते खरं तर एका हाताने पान उलटताना वगैरे ट्रम्पेट धरायला कामाला येतं, पण आपण त्यात करंगळी अडकवून ट्रम्पेट तोंडाकडे ओढत असतो आणि पत्ताच नसतो. सर म्हणाले करंगळी बाहेर काढ, हुकच्या वर नुसती ठेव, आता वाजव. मी तोच पॅसेज वाजवला, जी आलाच नाही, नुसती हवा. दोन मिनिटांपूर्वी झकास येत होता! मग आरशात बघितलं तर वरच्या ओठावर लाल गोल वळ, मधोमध पांढरा. पुढचे तीन आठवडे मी ईच्या वर गेलो नाही, करंगळी बाहेर ठेवून हळू आवाजात सी-जी-सी-ई असे लिप स्लर (बोटं न हलवता ओठ आणि हवेने एका सुरावरून दुसऱ्यावर सरकणं) करत बसलो, कंटाळा आला पण सी आणि ई मात्र पहिल्यांदा जाड वाजायला लागले.

बाय द वे, अजिबात दाब नको म्हणणाऱ्यांचं पण ऐकू नका. कड ओठाला नीट टेकून हवा बाजूने गळणार नाही इतका दाब लागतोच, आणि वर जाताना तो थोडा वाढतो, अगदी मुरलेल्या वादकांचा सुद्धा. तो खालच्या ओठावर जास्त ठेवा, वरचा मोकळा राहू द्या, कारण थरथरायचं मुख्य काम वरचा करतो. आणि जितका वेळ वाजवलं तितका वेळ ट्रम्पेट मांडीवर, हा हिशेब पाळा म्हणजे अडलेलं रक्त परत येतं.

थकवा आणि दुखणं यात मात्र गल्लत नको. कोपरे भरून येणं, ओठ जड वाटणं हा थकवा, रात्रीत जातो. एकाच जागी टोचणारी कळ, किंवा दिवसचे दिवस ओठातून हवा गळत राहणं, असं झालं की ट्रम्पेट केसमध्ये आणि आपण डॉक्टरकडे. तोंडाभोवतीचा गोल स्नायू फाटण्याला सॅचमो सिंड्रोम असं नावच आहे, सॅचमो म्हणजे जॅझचा प्रसिद्ध ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँग, त्याच्या ओठांनी त्याला आयुष्यभर छळलं.