वय झालं म्हणून उदास?

‘वय झालं, आता माणूस गप्प गप्पच राहणार.’ हे वाक्य इतक्या सहज म्हटलं जातं, की त्यामागे आजार असेल हे कुणाच्या मनातच येत नाही. नैराश्य हा म्हातारपणाचा भाग नाही. उलट, स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांच्या संशोधनात दिसलं, की वयाबरोबर बहुतेकांचं भावनिक आयुष्य अधिक स्थिर होतं. उरलेला वेळ मोजका आहे हे जाणवलं, की माणसं जवळची नाती निवडून जपतात.

मग चूक होते कुठे? ज्येष्ठांचं नैराश्य अनेकदा डोळ्यांतल्या पाण्यातून दिसत नाही. झोप उडते, भूक मरते, अंग दुखत राहतं, आणि हे सगळं वयामुळेच असं वाटतं. विसरायला होतं, आणि घरचे थेट स्मृतिभ्रंशाच्या भीतीने हादरतात. मानसोपचारतज्ज्ञ जेरोम येसावेज आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ज्येष्ठांचं नैराश्य ओळखण्यासाठी केलेल्या प्रश्नावलीत शारीरिक तक्रारी मुद्दाम वगळल्या, त्या याच गोंधळामुळे. उत्तरं फक्त हो किंवा नाही.

जोडीदार गेल्याचं दुःख वेगळं. ते लाटांसारखं येतं, मधे हसूही फुटतं. पण दोन आठवडे रोज, जवळजवळ दिवसभर मन उदास असेल किंवा कशातच रस उरला नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉईड, बी-१२ आणि चालू औषधंही तपासून घ्या. समुपदेशन आणि औषधं या वयातही गुण देतात, मात्र औषधांना काही आठवडे लागतात. ‘मन रमवा’ एवढंच सांगू नका, कारण रमण्याची ताकदच आजाराने हिरावलेली असते. आणि मरणाची भाषा कानावर आली, तर त्याच दिवशी मदत घ्या.