दर्या आणि दऱ्या यांच्यामधला एक आकडा

संगणकाच्या स्मृतीत अक्षरे नसतात, असतात ते आकडे. पडद्यावर दिसणारा ‘म’ त्याच्या लेखी २३५० असतो आणि ‘र’ २३५२. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ हे १२८ क्रमांक राखून ठेवलेले आहेत. जावास्क्रिप्ट या वेबपानांसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेत अशा आकड्यांची अक्षरे करण्यासाठी ‘फ्रॉमकॅरकोड’ हे फंक्शन पूर्वीपासून आहे. त्याला २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८ हे आकडे याच क्रमाने दिले की ‘मराठी’ हा शब्द हाती येतो. आपण त्यात तीन अक्षरे मोजतो. पण काना आणि वेलांटी यांनाही स्वतंत्र क्रमांक असल्यामुळे जावास्क्रिप्ट त्याची लांबी पाच सांगते.

आता २३४२, २३५२, २३८१, २३५१, २३६६ हे आकडे पाहा. यातला २३८१ हा र चा पाय मोडतो आणि शब्द तयार होतो ‘दर्या’, म्हणजे समुद्र. दुसऱ्या आकड्यात फक्त एक मिळवून तो २३५३ केला, की समुद्र जाऊन सह्याद्रीतल्या ‘दऱ्या’ येतात. रफार चढवायचा की य ला वळणदार अर्धा र जोडायचा, हे रेखाटण्याचे काम ब्राउझर आणि फॉन्ट करतात; अर्थातला भेद मात्र त्या एका आकड्यातच असतो. मराठीची ही खास गरज संकेतप्रणालीत जपली गेली, याचे मला मोठे समाधान वाटते.

खरी अडचण मोडी लिपीपाशी येते. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तेव्हा जगातल्या लिप्यांना १६ बिटांत मावणारे ६५,५३६ क्रमांक पुरतील असा अंदाज होता, आणि १९९५ साली जन्मलेल्या जावास्क्रिप्टच्या रचनेत तोच हिशेब उतरला. पुढे क्रमांक अपुरे पडले आणि मर्यादा ११,१४,१११ पर्यंत वाढवावी लागली. २०१४ साली युनिकोडमध्ये दाखल झालेल्या मोडीला या वाढीव भागात जागा मिळाली. तिचा ‘अ’ ७११६८ या क्रमांकावर आहे. हा आकडा जुन्या फंक्शनला दिला, तर ते त्यातून ६५,५३६ गुपचूप वजा करते, उरलेल्या ५६३२ या क्रमांकाचे अक्षर देते, आणि ते निघते कॅनडातील आदिवासी भाषांच्या लिपीतले! जुन्याच फंक्शनकडून मोडी ‘अ’ हवा असेल, तर ५५३०१ आणि ५६८३२ अशी जोडी द्यावी लागते.

जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या प्रमाणकात आलेले ‘फ्रॉमकोडपॉइंट’ हे फंक्शन ७११६८ हा पूर्ण आकडा थेट स्वीकारते. मर्यादेबाहेरचा आकडा दिल्यास ते चुकीचे अक्षर देण्याऐवजी स्पष्ट त्रुटी दाखवते, म्हणूनच मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांनी तेच वापरावे असे मला वाटते. यंत्रात मोडीचा फॉन्ट नसेल, तर पडद्यावर रिकामा चौकोन दिसेल. पण आतला आकडा बरोबर असल्याने फॉन्ट बसवताच त्या जागी मोडीचा ‘अ’ उमटेल.