विसाव्या वचनानंतर थेट बाविसावे

बायबलच्या नव्या करारातला मत्तयाचा सतरावा अध्याय जुन्या मराठी प्रतीत आणि अलीकडच्या एखाद्या सोप्या आवृत्तीत शेजारी ठेवून वाचला, की विसाव्या वचनापाशी अडखळायला होते. जुन्या प्रतीत एकविसावे वचन आहे: असल्या जातीचे भूत प्रार्थना आणि उपास यांवाचून निघत नाही. नव्यांपैकी काहींत ते चौकटी कंसात आहे, काहींत तळटिपेत गेले आहे आणि काहींत विसानंतर थेट बावीस. मार्क ९:४४ व ४६, योहान ५:४, प्रेषितांची कृत्ये ८:३७, रोमकरांस १६:२४ या ठिकाणीही असेच. मोबाइलवर फिरणारे संदेश म्हणतात, वचने उडवली. जिथे उपास-प्रार्थना नेमाने होते तिथे मत्तयाचे ते वचन जाणे जरा जास्तच झोंबते.

वचनांचे क्रमांक मुळात पवित्र शास्त्राइतके जुने नाहीत. नव्या कराराला आजचे क्रमांक मिळाले १५५१ साली, पॅरिस सोडून जिनिव्हाला आलेल्या एका मुद्रकाच्या ग्रीक आवृत्तीत. त्याच्यापुढचा मजकूर १५१६ साली स्वित्झर्लंडातल्या बाझेलला निघालेल्या आवृत्तीच्या वळणाचा होता. ती घाईत काढलेली. संपादकाकडे मोजकी आणि बरीच उशिराची हस्तलिखिते होती. प्रकटीकरणाचे शेवटचे पान तर हाती नव्हतेच, म्हणून अखेरची सहा वचने त्याने लॅटिनवरून ग्रीकमध्ये नेली. क्रमांक पडले ते या मजकुरावर, आणि पुढे मजकूर तपासला गेला तरी क्रमांक हलवणे कोणालाच परवडणारे नव्हते.

कृत्ये ८:३७ हे यातले बोलके उदाहरण. हबशी षंढ विचारतो, बाप्तिस्मा घ्यायला मला काय हरकत? सदतिसाव्या वचनात प्रचारक फिलिप्प विश्वासाची अट सांगतो आणि षंढ विश्वासाची कबुली देतो. बाझेलच्या संपादकाला हे वचन एका हस्तलिखिताच्या समासात सापडले, मुख्य मजकुरात नव्हते. नकलनविसांच्या हलगर्जीपणाने गळले असावे, असे ठरवून त्याने ते आत घेतले. आजच्या अभ्यासकांचे मत नेमके उलटे आहे: बाप्तिस्म्याच्या वेळची कबुली कोणीतरी समासात लिहिली आणि ती आत शिरली. तरी हे वचन कोणा उशिराच्या माणसाची लबाडी नव्हे. दुसऱ्या शतकातल्या एका ख्रिस्ती लेखकाला ते ठाऊक होते.

खरी ठिणगी पडली इंग्लंडात. १८५९ साली सिनाय पर्वताच्या पायथ्याच्या मठातून चौथ्या शतकातले हस्तलिखित बाहेर आले. व्हॅटिकनमधले तितकेच जुने हस्तलिखितही आता अभ्यासकांना नीट तपासता येऊ लागले. १८७० मध्ये १६११च्या इंग्रजी भाषांतराची (किंग जेम्स बायबलची) दुरुस्ती करायला एक समिती बसली. शक्य तितके कमी बदल करा, ही तिला घातलेली अट. पण समितीतल्या केंब्रिजच्या दोघा विद्वानांनी वर्षानुवर्षे खपून नवा ग्रीक मजकूर सिद्ध केला होता. अप्रकाशित असतानाच त्याचे भाग सभासदांना खासगीत वाटले गेले. १२ मे १८८१ला तो मजकूर प्रसिद्ध झाला आणि पाचच दिवसांनी सुधारित इंग्रजी नवा करार. शिकागोच्या दोन दैनिकांनी २२ मेच्या अंकात अख्खा नवा करार छापला. त्यातल्या एकाने बराच मजकूर न्यूयॉर्कहून तारेने मागवला होता.

विरोधकांचा आक्षेप अजून ताजा आहे. तुम्हाला भाषांतर सुधारायला सांगितले होते, तुम्ही मूळच बदललेत. यात तथ्य आहे. जुन्या भाषांतरामागचे ग्रीक पाच हजारांहून अधिक ठिकाणी बदलले गेले. त्यातले बहुतेक फरक किरकोळ, पण परवानगी होती ती मूळ मजकुरातल्या उघड चुकांपुरती. मात्र बदल चुकीचे होते, हे यावरून ठरत नाही. योहान ५:४ बघा. देवदूत तळ्यात उतरून पाणी हलवतो, हे त्यात सांगितले आहे. सातव्या वचनात आजारी माणूस पाणी हलण्याबद्दल बोलतो. ते का हलते हे वाचकाला कळावे म्हणून कोणी समासात खुलासा लिहिला, तो नकल होताना आत आला, हे पटण्यासारखे आहे. मत्तय १७:२१ तर मार्क ९:२९ वरून आलेले दिसते, आणि मार्कच्या त्या वचनातही सिनाय आणि व्हॅटिकनच्या हस्तलिखितांत मुळात उपासाचा उल्लेख नाही.

समितीचे चुकले ते वागण्यातल्या विसंगतीत, आणि ती विसंगती आजवर चालत आली आहे. सुटी वचने तळटिपेत गेली. पण मार्कची शेवटची बारा वचने (१६:९-२०) आणि व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट (योहान ७:५३-८:११) त्या दोन्ही जुन्या हस्तलिखितांत नसूनही मजकुरात राहिली, फार तर कंसात. लोकांचा जीव त्यांत गुंतलेला, हेही एक कारण असणारच. नुसता पुराव्याचा हिशोब असता तर तीही खाली गेली असती. १ योहान ५:७ मधली स्वर्गातल्या तीन साक्षीदारांची ओळ मात्र गाजावाजा न होता गेली. सहाव्या वचनाच्या शेवटाला सातवा क्रमांक दिला, जागा रिकामी दिसलीच नाही आणि समासात टीपही नाही. नुसते क्रमांक ताडून पाहणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही.

मराठीत हा प्रश्न उशिरा आला. बंगालमधल्या श्रीरामपूरचा मराठी नवा करार १८११चा, मुंबईचा अमेरिकन मिशनऱ्यांचा १८२६चा, संपूर्ण मराठी बायबल १८४७चे. तिन्ही सिनायच्या हस्तलिखिताच्या आधीची, त्यामुळे त्यांच्यापुढे ही निवड नव्हतीच. केडगावच्या विदुषी पंडिता रमाबाई यांचे मूळ भाषांवरून केलेले भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली पूर्ण छापून झाले. त्याची चर्चा होते ती सोप्या मराठीसाठी.

१९६८ साली व्हॅटिकन आणि बायबल संस्था यांच्यात एकत्र भाषांतराचे नियम ठरले. दोघांनी एकच चिकित्सक (म्हणजे हस्तलिखिते ताडून ठरवलेली) ग्रीक आवृत्ती पायाला घ्यायची, हे त्यातले महत्त्वाचे कलम. म्हणून कॅथलिक प्रत आणि प्रोटेस्टंट प्रत यांत या वचनांवरून आता फारसा फरक उरलेला नाही. वाद आहे तो प्रोटेस्टंटांच्या घरातला, १६११च्या इंग्रजी प्रतीला प्रमाण मानणारे आणि बाकीचे यांच्यात. मराठीत तो बराचसा इंग्रजी पुस्तिकांच्या आणि व्हिडिओंच्या वाटेने आला. त्यामुळे मराठी वचन हरवल्याची तक्रार पुष्कळदा इंग्रजी प्रत समोर धरूनच केली जाते.

यात नवी भर बोलत्या बायबलची. ऐकताना चौकटी कंस कळत नाही. निवेदकाने खुलासा केला नाही, तर छापील पानावर शंकेखाली असलेले वचन बाकीच्या वचनांइतक्याच ठामपणे कानावर पडते.